मोटारसायकलची सीट नीट लॉक होत नसेल तर दोष कसा शोधावा आणि कसा दुरुस्त करावा

सीट लॉक होत नाही असे लक्षात आले की बहुतेक जण तिच्या मागच्या भागावर जोरात थाप मारतात आणि तेवढ्याने भागले नाही तर तिच्यावर धपकन बसतात. मूळ दोष पुष्कळदा साध्या मळाचा किंवा मध्ये अडकलेल्या रेनकोटच्या बाहीचा असतो. पण अशा दणक्यांनी सीटखालची कडी वाकते, सीटच्या प्लॅस्टिकच्या बेसला, म्हणजे तळाला, तडा जातो आणि जे काम कापडाने पुसून झाले असते ते नवीन सुटे भाग आणण्यापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणून हे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की ठरवावी. लॅचच्या, म्हणजे ही कडी अडकवून धरणाऱ्या फ्रेमवरच्या भागाच्या, बरोबर वर दोन्ही तळवे ठेवून बेताने दाबल्यावर सीट लागत नसेल, तर अधिक जोर लावायचा नाही. सीट काढून घ्यायची आणि दोष कुठे आहे ते शोधायचे.

सैल सीटमुळे केवळ खडखडाट होतो असे समजू नये. गाडी वेग घेताना किंवा गतिरोधकावरून उसळताना सीटचा मागचा भाग उचलला गेला, तर मागे बसलेल्या व्यक्तीचा तोल सर्वांत आधी जातो. आपल्याकडे साडी नेसलेल्या स्त्रिया बहुधा दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसतात, त्यामुळे सीटवरचा भार एकतर्फी पडतो, आणि अर्धवट अडकलेली कडी अशा एकतर्फी भाराखालीच निसटण्याचा संभव अधिक असतो. मागे बसणाऱ्यासाठी धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचे निदान अर्धे आच्छादन असले पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ सांगतो. ही सगळी सोय गाडीवर असली तरी खालची सीटच जागेवर पक्की नसेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत मागे कोणालाही बसवू नये.

सीट कशाने धरलेली असते

काही मोटारसायकलींत सीट थेट बोल्टने बसवलेली असते. साइड कव्हर काढले की बोल्ट दिसतात, ते सोडवले की सीट निघते. अशा सीटला लॅच नसतोच, त्यामुळे ती हलत असेल तर बोल्ट, वॉशर आणि सीटच्या पत्र्यावरची भोके एवढेच पाहावे लागते. पुढचे विवेचन चावीने उघडणाऱ्या सीटसाठी आहे.

अशी सीट पुढे आणि मागे वेगवेगळ्या रीतीने धरलेली असते. पुढच्या टोकाला, म्हणजे पेट्रोलच्या टाकीकडे, सीटच्या बेसला एक चपटी जीभ असते आणि ती टाकीच्या मागे फ्रेमवर असलेल्या पट्टीखाली सरकते. काही गाड्यांत मध्यभागी दोन्ही बाजूंना आणखी दोन हुक असतात. सीटचे आणि बसणाऱ्यांचे वजन बेसला चिकटवलेल्या रबरांवरून फ्रेमवर उतरते. मागच्या बाजूला बेसला जाड सळईची, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची कडी असते आणि तिच्या बरोबर खाली फ्रेमवर लॅच बसवलेला असतो. दुकानात या सबंध भागाला सीट लॉक म्हणतात. चावीचे कुलूप लॅचलाच जोडलेले असते किंवा एका बाजूला असते आणि तिथून लॅचपर्यंत केबल गेलेली असते.

यातली एक बाब नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे निदान तिच्यावर उभे आहे. वजन पेलण्याचे काम रबरांचे आहे आणि सीट वर उचलली जाऊ नये हे पाहण्याचे काम लॅचचे आहे. रबर गळून पडले की वजन कडीवर आणि लॅचवर येऊ लागते, कडी रोज थोडी थोडी वाकते आणि काही महिन्यांनी लॉक बिघडले अशी तक्रार सुरू होते. तेव्हा नुसता लॅच बदलून दिला तर नवीन लॅचही त्याच वाटेने जातो.

लॅच मुख्यतः दोन प्रकारचे आढळतात. पहिल्यात स्प्रिंगने ढकललेली एक सरकती पट्टी असते, तिच्या टोकाला उतार दिलेला असतो. दार ओढून घेतले की आपोआप लागणाऱ्या कुलपाच्या जिभेसारखे तिचे काम चालते. कडी वरून आली की पट्टी मागे सरते, कडी खाली उतरली की पट्टी परत पुढे येऊन तिला अडवते. दुसऱ्या प्रकारात फिरणारा आकडा असतो. कडी आत शिरताना तो तिच्याभोवती फिरतो आणि एक लहानशी अडणी त्याला त्या स्थितीत पकडून ठेवते. चावी फिरवली की अडणी सुटते आणि स्प्रिंग आकड्याला पुन्हा उघडा करते.

कामाला बसण्यापूर्वी

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावावी, चावी काढून खिशात ठेवावी आणि सायलेन्सर थंड होऊ द्यावा. सीटखालचे बरेचसे बोल्ट ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना १० नंबरचा पाना लागतो. ८ मिलिमीटरचे असतील तर १२ किंवा १३ नंबरचा. याखेरीज लांब दांड्याचा चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, दात घासायचा जुना ब्रश, सुती कापड, थोडे डिझेल किंवा रॉकेल, ग्रीसची छोटी डबी, पांढरा खडू आणि टॉर्च एवढे साहित्य पुरते. मोबाइलने सीटखालच्या भागाचे दोन-तीन फोटो काढून ठेवावेत. कोणती वायर कुठून गेली होती आणि लॅच मुळात कुठे बसला होता हे आठवताना त्यांचा फार उपयोग होतो.

बॅटरीबाबत विशेष काळजी घ्यावी. पुष्कळ गाड्यांत बॅटरी सीटखालीच असते आणि तिच्या धन टोकावर लाल रबरी टोपण असते. ते टोपण निघालेले असेल आणि पाना एकाच वेळी धन टोकाला व फ्रेमला लागला, तर बॅटरी केवळ १२ व्होल्टची असूनही मोठी ठिणगी उडते, पाना तापतो आणि वायरिंग जळू शकते. लॅच बॅटरीच्या जवळ असेल तर आधी ऋण टोक सोडवून कापडात गुंडाळून ठेवावे. काम झाल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे. सीटचा बेस पत्र्याचा असेल तर त्या टोपणाची आवश्यकता आणखी वाढते, कारण नीट न बसलेली सीट खाली दबली की पत्रा धन टोकाला टेकू शकतो.

आधी सीट बाजूला ठेवून लॅच तपासावा

निदानाची सगळी किल्ली या एका चाचणीत आहे, म्हणून तिच्यासाठी सवड काढावी. सीट पूर्ण काढून बाजूला ठेवावी आणि टॉर्चच्या उजेडात लॅचमध्ये वरून पाहावे. आकड्याच्या प्रकारचा लॅच असेल तर आकड्याचे तोंड वर उघडे आहे का, हे प्रथम पाहावे. सीट काढलेली असताना हात लागून किंवा एखादी वस्तू पडून आकडा आधीच फिरून बंद झालेला असतो आणि मग सीट कितीही दाबली तरी कडीला आत शिरायला वाटच राहत नाही. नवशिक्यांना सर्वांत जास्त कोड्यात टाकणारा हाच प्रकार आहे. चावी उघडण्याच्या दिशेने फिरवली की आकडा टकन उघडतो आणि अनेकदा दुरुस्ती तिथेच संपते.

आकडा उघडा असेल किंवा लॅच सरकत्या पट्टीचा असेल, तर पुढची पायरी घ्यावी. चावी फिरवून पट्टी किंवा अडणी हलते याची आधी खात्री करावी, म्हणजे लॅच लागल्यावर तो उघडता येईल. मग स्क्रू ड्रायव्हरचा दांडा आडवा धरून, सीटची कडी जशी येते तसा, वरून लॅचमध्ये दाबावा. लॅच चांगला असेल तर स्पष्ट टक् असा आवाज येतो आणि दांडा वर ओढला तरी निघत नाही. चावी फिरवल्यावर तो अडखळण्याशिवाय सुटला पाहिजे. ही क्रिया चार-पाच वेळा करून पाहावी, कारण मळलेला लॅच एकदा लागतो आणि पुढच्या वेळी लागत नाही.

निकाल सरळ आहे. दांडा प्रत्येक वेळी पक्का अडकत असेल आणि चावीने सुटत असेल, तर लॅच, केबल व कुलूप तिन्ही ठीक आहेत आणि दोष सीटकडे किंवा तिच्या बसण्यात आहे. दांडा अडकतच नसेल, अर्धवट अडकून निसटत असेल किंवा चावीने सुटत नसेल, तर सीटला हात लावण्याचे कारण नाही. लॅच आणि केबल पाहावी.

लॅच चांगला आहे, तरी सीट लागत नाही

सीटखाली काय काय कोंबलेले आहे ते आधी बाहेर काढावे. टूलकिटची पिशवी, गाडीची कागदपत्रे, रेनकोट, फडके यांतले काहीही बेसखाली आले तरी सीट काही मिलिमीटर वर राहते आणि कडीला लॅचपर्यंत पोहोचायला तेवढेच मिलिमीटर कमी पडतात. वायरिंगचा जुडगा आपल्या खाचेतून बाहेर आलेला असेल तर तो जागेवर बसवावा. तो दबत राहिला तर वायरीवरचे आवरण सोलले जाऊन फ्यूज उडू लागतो. नवीन हॉर्न किंवा दिवे बसवताना त्यांचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) सीटखाली लोंबता सोडलेला मला अनेक गाड्यांत दिसला आहे. तो झिपटायने फ्रेमला बांधून टाकावा.

यानंतर पुढची जीभ पाहावी. सीट मागून दाबण्याच्या घाईत जीभ पट्टीखाली जाण्याऐवजी पट्टीवर टेकून राहते. अशा वेळी मागची बाजू खाली आली तरी कडी लॅचच्या थोडी मागे पडते आणि दोन्ही एकमेकांवर आपटतात. योग्य रीत अशी की सीट मागून साधारण वीतभर उचलून धरावी, जीभ टाकीच्या दिशेने तिरकी आत सारावी, मधले हुक असतील तर तेही आपापल्या खाचांत गेले आहेत हे दोन्ही बाजूंनी वाकून पाहावे, मग सीट पुढे ढकललेली ठेवूनच मागचा भाग खाली आणावा. पुढचा भाग वर उचलून पाहिल्यावर तो हलता कामा नये. मागची बाजू दाबण्याची वेळ त्यानंतर येते. काही गाड्यांत साइड कव्हरची वरची कड सीटखाली जाते, म्हणून कव्हर आधी आणि सीट नंतर हा क्रम पाळावा.

वरून घातलेली जास्तीची सीट कव्हरे हे या दोषाचे फार मोठे कारण आहे आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अशा कव्हरची इलॅस्टिकची कड किंवा नाडी बेसच्या खाली ओढून बांधलेली असते. तिची घडी रबराखाली किंवा जिभेवर आली की सीट वर राहते. फोम वाढवून सीट नव्याने शिवून घेतली असेल तर रेक्झिनची दुमड आणि स्टेपलच्या पिना बेसच्या कडेवर जाड थर तयार करतात. जास्तीचे कव्हर काढून सीट लावून पाहावी. लागली, तर कव्हर पुन्हा घालताना कड जिभेपासून, रबरांपासून आणि कडीपासून दूर ठेवावी. तसे जमत नसेल तर ते कव्हर वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रबरांकडे पाहताना संख्या मोजावी. डाव्या बाजूला जिथे रबर आहे तिथे उजव्या बाजूलाही असले पाहिजे. एखादे गळाले असेल तर त्या जागी गोंदाचा किंवा खोबणीचा ठसा दिसतो. रबर गळालेल्या सीटचे लक्षण म्हणजे ती लॉक होते, पण हातात खेळते आणि खडखडते. याउलट नुकतीच नवीन, जाड रबरे लावली असतील तर सीट वर राहते आणि लॉक होत नाही. जाड रबर सुरीने तासून बसवण्याचा मोह टाळावा, कारण दोन्ही बाजूंची उंची सारखी राहत नाही. त्याच मॉडेलची रबरे आणून लावावीत.

कडी आणि लॅच यांची जुळणी

वरचे सगळे ठीक असूनही सीट लागत नसेल, तर कडी लॅचच्या तोंडावर नेमकी उतरत नाही असा त्याचा अर्थ होतो. ती कुठे आपटते हे अंदाजाने ठरवू नये. लॅचच्या तोंडाभोवतीचा भाग कोरड्या कापडाने पुसून घ्यावा, खडू कडीच्या खालच्या वळणावर चांगला घासावा आणि सीट हलकेच, लॉक करण्याचा प्रयत्न न करता, खाली टेकवून सरळ वर उचलावी. लॅचच्या पत्र्यावर जिथे पांढरा ठसा उमटेल तिथे कडी आपटते आहे. ठसा तोंडाच्या मागच्या कडेवर असेल तर सीट पुरेशी पुढे गेलेली नाही किंवा कडी मागे वाकली आहे. ठसा डावीकडे वा उजवीकडे असेल तर लॅच सरकला आहे, बेस वाकला आहे किंवा फ्रेमचा शेपटाकडचा भाग वाकला आहे. ठसा कुठेच उमटला नाही तर कडी लॅचपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे दोष उंचीचा आहे.

आता सीट उलटी करून मऊ कापडावर ठेवावी आणि कडी हाताने हलवून पाहावी. ती बोल्टने बसवलेली असेल आणि बोल्ट सैल असतील तर आवळल्यावर जुळणी आपोआप साधते. ती रिबिटने ठोकलेली असेल आणि हलत असेल, किंवा प्लॅस्टिकच्या बेसला तिच्या मुळाशी केसासारखा तडा दिसत असेल, तर वरवरचा उपाय टिकत नाही. तापलेल्या सळईने प्लॅस्टिक वितळवून सांधलेला तडा मागे बसणाऱ्याच्या वजनाखाली पुन्हा उघडतो. सीट शिवणाऱ्या कारागिराकडून रेक्झिन व फोम तेवढ्यापुरते उघडून, आतून रुंद लोखंडी पट्टी आणि मोठे वॉशर लावून कडी बोल्टने बसवून घ्यावी; तडा लांबवर गेला असेल तर बेसच बदलावा. पत्र्याच्या बेसवर गंजाने भोक मोठे झाले असेल तरी आतल्या पट्टीचा हाच उपाय लागू पडतो. दुधाचे कॅन किंवा जड पोती सीटवरून आडवी टाकून नेणाऱ्या गाड्यांत कडी वाकणे नेहमीचे आहे. किंचित वाकलेली कडी, सीट उलटी पक्की धरून, लहान पाइप अडकवून बेताने सरळ करता येते. मात्र वळणावर रंग उडून बारीक भेग दिसत असेल तर कडी बदलावी.

दोष लॅचच्या जागेचा असेल तर तो सरकवावा लागतो. लॅच बहुधा दोन बोल्टवर असतो आणि अनेक गाड्यांत त्याची भोके लांबट असतात, ती याच जुळणीसाठी. बोल्ट सोडवण्यापूर्वी लॅचच्या कडेभोवती मार्करने रेघ ओढून मूळ जागा नोंदवून ठेवावी. दोन्ही बोल्ट एवढेच सैल करावेत की लॅच हाताने ढकलल्यावर सरकेल, पण आपल्या वजनाने घसरणार नाही. मग जीभ नीट घालून सीट हलकेच दाबावी. कडी लॅचला स्वतःच योग्य जागी ओढून घेते आणि टक् आवाज येतो. त्यानंतर चावीने सीट उघडून, लॅचला धक्का न लावता, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढा आवळ पुरतो. टॉर्क पाना (आवळ मोजून देणारा पाना) नसेल तर लहान पाना मनगटाच्या जोराने घट्ट करावा, त्याला पाइप लावून खांद्याचा जोर देऊ नये. फ्रेमवर वेल्ड केलेल्या नटाचे आटे गेले की काम कितीतरी पटींनी वाढते.

उंचीचा दोष उरला असेल, म्हणजे रबरे योग्य असूनही कडी खाली पोहोचत नसेल, तर लॅच आणि फ्रेम यांच्यामध्ये प्रत्येक बोल्टखाली एकेक पातळ वॉशर घालून लॅच वर घेता येतो. दोन्हीकडे सारखेच वॉशर घालावेत आणि एका वेळी एकच घालून पाहावा. वॉशर घातल्यावर बोल्टचे आटे नटात पुरेसे उतरतात की नाही हेही पाहावे. उतरत नसतील तर तेवढाच लांब बोल्ट घ्यावा.

गाडी मागून ठोकली गेली असेल किंवा पडली असेल आणि सीट व शेपटाचे प्लॅस्टिक यांच्यातली फट एका बाजूला रुंद व दुसऱ्या बाजूला अरुंद दिसत असेल, तर फ्रेमचा मागचा भाग वाकलेला असू शकतो. ते मोजून सरळ करण्याचे काम घरचे नाही, गाडी वर्कशॉपला न्यावी.

लॅच अडखळत असेल तर

पावसाळ्यानंतर येणाऱ्या तक्रारींत अडखळणाऱ्या लॅचचा वाटा मोठा असतो. मागचे चाक चिखल आणि बारीक वाळू वर उडवते, ती लॅचमध्ये जाऊन बसते आणि जुन्या ग्रीसमध्ये मिसळून घट्ट लगदा होतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने स्प्रिंग गंजते, हा त्यावर आणखी एक ताप. ब्रश डिझेलमध्ये बुडवून लॅचचा प्रत्येक सांधा घासावा, घासताना चावीने तो उघडत-मिटत राहावे आणि निघणारा काळा मळ कापडाने टिपून घ्यावा. खाली बॅटरी किंवा एअर फिल्टर असेल तर त्यावर आधी जाड कापड पसरावे. रबरावर आणि रेक्झिनवर डिझेल सांडू देऊ नये. मळ निघणे थांबेपर्यंत घासावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मगच सरकत्या पट्टीवर किंवा आकड्याच्या पिनेवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे ग्रीस लावावे. ग्रीस जास्त लावल्याने काम जास्त चांगले होत नाही, धूळ मात्र जास्त चिकटते.

घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल सोडण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते, त्यामुळे नाशिक-पुण्याकडच्या थंडीत सकाळी लॅच आणखीच जड होतो. इतर खाद्यतेलेही काही दिवसांत चिकट होतात. शिलाई मशीनचे तेल चालेल, पण तेही थेंबभरच.

साफ केल्यावरही पट्टी किंवा आकडा आपल्या जागी झटकन परतत नसेल तर स्प्रिंग पाहावी. ती तुटलेली, ताणून लांबलेली किंवा आपल्या खाचेतून निसटलेली असते. निसटलेली स्प्रिंग पकडीने परत अडकवता येते. त्या वेळी चेहरा बाजूला ठेवावा, कारण ती सटकली तर सरळ डोळ्याकडे येते.

केबल दोषी आहे की नाही हे ओळखण्याची साधी युक्ती आहे. केबलचे टोक लॅचपासून मोकळे करावे आणि स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याची तीच चाचणी पुन्हा करावी, मात्र लॅच उघडण्यासाठी आता केबलऐवजी लॅचचा छोटा हात बोटाने ओढावा. लॅच आता चांगला चालत असेल तर दोष केबलचा. केबल फार ताणलेली असेल तर चावी न फिरवताही लॅच अर्धवट उघडा राहतो आणि सीट लागून पुन्हा सुटते. केबलला नट असेल तर तो फिरवून आतल्या तारेला २ ते ३ मिलिमीटर ढिलाई राहील असे करावे. नट नसेल तर बाहेरची नळी आपल्या पट्टीतून पुढे सरकली आहे का आणि केबल कुठे तीव्र वळली आहे का ते पाहावे. तारेचे धागे उकलू लागले असतील तर तेल घालून वेळ काढू नये, केबल बदलावी. ती तुटते ती सीट बंद असतानाच. तशी तुटली तर घाबरू नये. साइड कव्हर काढून नळीच्या तोंडाशी उरलेली तार पकडीने ओढता येते, आणि ती हाती लागत नसेल तर मेकॅनिककडे जावे. सीट उपसून काढण्याच्या प्रयत्नात बेस फुटतो.

चावी कुलपात घट्ट जात असेल तर तिथे ग्रीस भरू नये. कुलपाच्या आतल्या बारीक पट्ट्यांना ग्रीसमध्ये अडकलेली धूळ बाधते. ग्रॅफाइटची कोरडी पूड किंवा पेन्सिलच्या शिसाची बारीक भुकटी चावीवर घेऊन ती काही वेळा आत-बाहेर करावी. झिजलेल्या चावीमुळेही कुलूप पूर्ण फिरत नाही, म्हणून न वापरलेली दुसरी चावी एकदा लावून पाहावी.

भाग विकत घेताना

जुना भाग सोबत घेऊन दुकानात जावे. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक लॅच बदललेला असतो, त्यामुळे मॉडेलसोबत उत्पादनाचे वर्षही सांगावे. पुण्यात नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात तुलना करून घेता येते, लहान गावात मात्र मागवून घ्यावे लागते, तेव्हा फोटो आणि मापे पाठवावीत. चावीचे कुलूप सुटे बदलले तर सीटची चावी वेगळी होते. सगळीकडे एकच चावी हवी असेल तर इग्निशन, टाकीचे झाकण आणि सीट यांचा सबंध लॉक सेट घ्यावा लागतो. केवळ लॅच खराब असताना सबंध सेट घेण्याची गरज नाही.

सीट लावल्यावरची तपासणी

चावी हातात असल्याची खात्री करून सीट लावावी. ती कधीही सीटखाली ठेवलेल्या पिशवीत राहू देऊ नये. सीट लागल्याचा टक् आवाज ऐकल्यावर मागची बाजू दोन्ही हातांनी वर ओढून पाहावी, मग डावी कड आणि उजवी कड वेगवेगळी ओढावी, कारण आकडा अर्धवट लागला असेल तर एका बाजूला ओढल्यावर तो सुटतो. चावीने पुन्हा उघडून पाहावे. मागच्या मुठीचे बोल्ट लॅचच्या आसपासच असतात, त्यांनाही पाना लावून पाहावा. त्यानंतर एकट्याने, हळू वेगात, दोन-चार गतिरोधक असलेल्या रस्त्यावर फेरी मारावी, परत येऊन सीट पुन्हा ओढून पाहावी आणि मगच मागे कोणाला बसवावे. लॅच सरकवला असेल तर आठवड्याभराने त्याचे बोल्ट एकदा तपासावेत.

वाटेत लॉक निकामी झाले आणि दुरुस्तीची सोय नसेल तर सामान बांधायचा रुंद पट्टा सीटच्या मागच्या भागावरून घेऊन दोन्ही बाजूंना फ्रेमच्या नळीला बांधावा. त्याचे लोंबते टोक चाकात, चेनमध्ये किंवा सायलेन्सरवर जाणार नाही असे खोचावे आणि एकट्याने, सावकाश, जवळच्या गॅरेजपर्यंतच जावे. इलॅस्टिकची दोरी या कामी वापरू नये. ती ताणली जाते आणि सीटला उचलू देते.